माहितीचा हक्क आणि तालुक्याचा वार्ताहर

जिल्हा वृत्तपत्रे नियमाने वाचणाऱ्याला काही शब्दप्रयोगांची आता सवय होऊन गेली आहे. रस्त्याच्या कामात गैरव्यवहार झाल्याचे 'समजते', पाणी योजनेचे देयक काम पुरे होण्यापूर्वीच अदा झाल्याची 'चर्चा आहे', चौकशी दडपण्याचा प्रयत्न चालू असल्याचे 'विश्वसनीय सूत्रांनी सांगितले'. बातमी बहुधा खरी असते. ज्याने ती दिली त्या वार्ताहराला ती कार्यालयातल्याच कोणी तरी सांगितलेली असते. पण दुसऱ्या दिवशी संबंधित अधिकाऱ्याचा खुलासा येतो, 'वृत्त निराधार आहे' असे त्यात म्हटलेले असते, वृत्तपत्र तो खुलासा छापते आणि प्रकरण तेथेच मिटते. वार्ताहराजवळ सत्य असते, पुरावा नसतो. सत्य आणि पुरावा यांच्यातील या अंतरावरच आपल्याकडील स्थानिक प्रशासनाची बेपर्वाई पोसली गेली आहे.

हे अंतर बुजवण्याचे साधन उपलब्ध नाही, असे आता कोणी म्हणू शकत नाही. माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी पूर्णपणे अमलात आला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये त्याला वीस वर्षे पूर्ण झाली. या काळात जमिनीच्या नोंदीसाठी धडपडणारा शेतकरी, पदोन्नती नाकारलेला कर्मचारी, निवृत्तिवेतन अडलेली विधवा, गावोगावचे कार्यकर्ते अशा असंख्य नागरिकांनी त्याचा उपयोग केला. माहिती मिळवणे हाच ज्याचा व्यवसाय, तो तालुक्याचा वार्ताहर मात्र या रांगेत अपवादानेच दिसतो. असे का व्हावे, आणि हे बदलायचे तर कोणी काय करावे, हा प्रश्न केवळ वृत्तपत्रसृष्टीचा नाही. तालुक्याच्या ठिकाणी नगरपालिका, पंचायत समिती आणि बाजार समिती यांच्या कारभारावर रोज नजर ठेवणारा दुसरा कोणी माणूस सहसा नसतो. तोच निःशस्त्र राहिला तर नागरिक अंधारात राहतो.

श्रमिकांनी आणलेला कायदा

अमेरिकेत १९६६ साली माहितीच्या स्वातंत्र्याचा कायदा झाला, त्यामागे तेथील संपादकांच्या संघटनेचे दीर्घ प्रयत्न होते. भारतातील कायद्याचा जन्म वेगळ्या ठिकाणी झाला. राजस्थानात दुष्काळी कामांवरच्या मजुरांना पुरी मजुरी मिळत नव्हती. हजेरीपट दाखवा, असे म्हटले की ते गोपनीय असल्याचे सांगण्यात येई. अरुणा रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. कागदावरची नावे आणि आकडे गावासमोर मोठ्याने वाचून दाखवले गेले, तेव्हा मृतांनी आणि परगावी गेलेल्यांनीही मजुरी घेतल्याचे उघड झाले. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवसांचे धरणे झाले. प्रभाष जोशींसारखे संपादक तेथे गेले आणि त्यांनी या मागणीला आपले बळ दिले. त्याच सुमारास भारतीय वृत्तपत्र परिषदेने न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावरील कायद्याचा एक मसुदा तयार केला. पुढे कायद्यासाठी जी चर्चा झाली तिला त्या मसुद्याचा मोठा आधार होता.

तत्त्व तर त्याही आधी मान्य झालेले होते. उत्तर प्रदेश सरकार विरुद्ध राजनारायण या १९७५च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी, जबाबदार राज्यव्यवस्थेत शासनाचे प्रत्येक सार्वजनिक कृत्य जाणून घेण्याचा हक्क जनतेला आहे, असा अभिप्राय दिला होता. पण १९२३चा शासकीय गुपितांचा कायदा आणि त्याच्या सावलीत वाढलेली नोकरशाही यांच्यापुढे तो अभिप्राय ग्रंथातच राहिला. गोव्याने १९९७ साली आपला कायदा केला. महाराष्ट्रात २००० सालचा कायदा अपुरा ठरला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ साली अधिक परिणामकारक कायदा आला. केंद्रीय कायद्याची वाट या राज्यांनी आधीच काही अंशी मोकळी केली होती.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की या कायद्यात पत्रकार असा शब्दच महत्त्वाचा नाही. अधिकार नागरिकाला आहे. कोणी म्हणेल की हे पत्रकारांचे दुर्दैव. वस्तुतः तालुक्याच्या वार्ताहराच्या दृष्टीने हेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. त्याच्यापाशी बहुधा शासनाची अधिस्वीकृतीपत्रिका नसते. मंत्रालयातल्या सचिवाशी त्याचा परिचय नसतो. मुंबईच्या संपादकाचा दूरध्वनी जे काम करू शकतो, ते त्याच्या चार खेपांनी होत नाही. पण दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेल्या अर्जापुढे मुंबईचा संपादक आणि आडगावचा वार्ताहर यांचा दर्जा एकच. माहिती कशासाठी हवी, हे विचारण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. कृपा म्हणून मिळणारी बातमी आणि हक्क म्हणून मिळणारा कागद यांत हा फरक आहे. पहिलीची परतफेड पुढेमागे करावी लागते, दुसऱ्याची नाही.

काय मागावे आणि कसे मागावे

आपल्याकडील पुष्कळ अर्ज फसतात ते अधिकाऱ्याच्या लबाडीमुळे तर खरेच, पण काही वेळा अर्ज करणाऱ्याच्या अजाणतेपणामुळेही. 'अमुक रस्ता सहा महिन्यांत का उखडला, याचा खुलासा करावा', असा अर्ज वार्ताहर करतो. अशा अर्जाला 'माहिती अभिलेखात उपलब्ध नाही' एवढे उत्तर पुरते आणि ते कायद्याला धरूनही असते. कार्यालयात जे नोंदलेले आहे तेवढेच द्यावे लागते. नवे मत बनवून देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा 'का' हा प्रश्न अर्जात विचारायचा नसतो. त्याचे उत्तर कागदांतून काढायचे असते.

त्या रस्त्याचेच उदाहरण घ्यावे. एका रस्त्यामागे कागदांची साखळी असते: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, गुणवत्ता चाचणीचे अहवाल, देयके आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. यांच्या प्रती हाती आल्या की अंदाजपत्रकातली खडीच्या थराची जाडी आणि मोजमाप पुस्तिकेतली जाडी शेजारी शेजारी ठेवता येते. मोजमाप कोणत्या तारखेला घेतले आणि देयक कोणत्या तारखेला निघाले, हे पाहता येते. पावसाळ्याच्या ऐन भरात डांबरीकरण झाल्याची नोंद असेल तर ती नोंदच बोलू लागते. कायद्याने कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचाही अधिकार दिला आहे. ही तरतूद किती जणांना ठाऊक आहे?

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. या अटीवर टीका झाली आणि ती रास्त होती. तथापि अर्ज जितका नेमका तितकी टाळाटाळ अवघड, हेही खरे. अर्जाच्या आधी कागद पाहून घेता आले तर अधिक चांगले. राज्य शासनाने नोव्हेंबर २०१८मध्ये काढलेल्या निर्णयाने जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची व्यवस्था ठरवून दिली. पुणे महापालिकेत असा पायंडा त्यापूर्वीच पडलेला होता. ज्या वार्ताहराने सोमवारचे दोन तास नस्त्या वाचण्यात घालवले, त्याला कोणत्या पानाची प्रत मागायची हे कळते आणि दर पानाला दोन रुपये या हिशेबाने होणारा खर्चही आटोक्यात राहतो.

याहून सोपी वाट कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. अंदाजपत्रकातील तरतुदी, झालेला खर्च, अधिकाऱ्यांचे वेतन, अनुदानाचे लाभार्थी अशा सतरा बाबी प्रत्येक कार्यालयाने कोणी न मागता आपण होऊन प्रसिद्ध करायच्या आहेत, आणि त्यासाठी कायद्याने एकशेवीस दिवसांची मुदत दिली होती. वीस वर्षांनंतर किती ग्रामपंचायतींच्या फलकांवर ही माहिती अद्ययावत सापडते, एवढा शोध घेतला तरी कोणत्याही तालुक्याची एक लेखमाला तयार होईल.

विलंब आणि व्यवसाय

वृत्तपत्राची घाई आणि कायद्याची चाल यांचा मेळ बसत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची. ती न मिळाल्यास पहिले अपील, त्याचा निकाल तीस ते पंचेचाळीस दिवसांत, आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. या शेवटच्या टप्प्याला कायद्याने मुदतच घातलेली नाही. महाराष्ट्राच्या आयोगापुढे २०२३ आणि २०२४ या वर्षांत एक लाखाहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती. अशा स्थितीत उद्याच्या अंकासाठी या कायद्याचा उपयोग नाही, हे मान्यच केले पाहिजे.

पण वृत्तपत्रातली प्रत्येक बातमी उद्याच्या अंकासाठी नसते. शाळागृहांची दुरुस्ती, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे, नगरपालिकेच्या टँकरांचा इंधनखर्च हे विषय तीन महिन्यांत शिळे होत नाहीत. श्यामलाल यादव या पत्रकाराने सार्वजनिक क्षेत्रातील बँकांकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून २०१६ साली 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये दाखवून दिले की शून्य शिलकेच्या जनधन खात्यांची संख्या कमी दिसावी म्हणून शाखांतून एक एक रुपया भरला गेला होता आणि अशी खाती एक कोटीहून अधिक होती. हे कोणा सूत्राने कानात सांगितलेले नव्हते, बँकांनीच लेखी दिलेले होते. तेव्हा 'वृत्त निराधार आहे' असे म्हणण्याची सोय उरली नाही. चिकाटीने पेरलेले अर्ज हंगामाप्रमाणे पिकतात. दरमहा दोन अर्ज करणाऱ्या वार्ताहराच्या हाती वर्षाअखेर निदान काही कागद तरी असतातच.

नकाराच्या ठराविक कारणांचीही ओळख हवी. 'चौकशी चालू आहे', हे सर्वांत आवडते कारण. परंतु चौकशी चालू असणे एवढेच नकाराला पुरेसे नाही, माहिती दिल्याने तिला अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ साली सांगितले आहे. 'नस्ती सापडत नाही', हे दुसरे कारण. सार्वजनिक अभिलेखांविषयी राज्याचा २००५चा स्वतंत्र कायदा आहे आणि ते जपणे ही अधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. हे ठाऊक असलेल्या अर्जदाराशी कार्यालय वेगळ्या स्वरात बोलते. प्रश्न आहे तो हे त्याला सांगणार कोण, हा.

भीती आणि भाकरी

कारण अज्ञान हा अडचणीचा एक भाग झाला. खरा अडसर वेगळा आहे. तालुक्याचा वार्ताहर बहुधा पगारी नोकर नसतो. त्याला मिळणारे मानधन नाममात्र असते आणि वृत्तपत्राच्या दृष्टीने त्याची किंमत तो आणतो त्या जाहिरातींवरून ठरते. त्या जाहिराती कोण देतो? नगराध्यक्षाच्या वाढदिवसाची, कारखान्याच्या गळीत हंगामाची, ठेकेदाराच्या शुभेच्छांची. ज्याच्या देयकांच्या प्रती मागायच्या, त्याच्याच दारात दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठी उभे राहायचे, ही त्याची स्थिती आहे. अशा माणसाला निर्भयतेचा उपदेश करणे सोपे आहे. तो उपदेश मुख्यालयातून व्हावा, हे मात्र विपरीत आहे.

आणि भय काल्पनिक नाही. तळेगाव दाभाडे येथे जमीन व्यवहारांची कागदपत्रे बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१०मध्ये खून झाला. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर येथे पत्रकार शशिकांत वारिशे यांना फेब्रुवारी २०२३मध्ये मोटारीखाली चिरडण्यात आले. छत्तीसगडमध्ये विजापूर येथील मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह जानेवारी २०२५मध्ये ठेकेदाराच्या आवारातील टाकीत सापडला. त्यांनी रस्त्याच्या कामातील भ्रष्टाचार उजेडात आणला होता. या तिघांपैकी कोणीही राजधानीत राहत नव्हता. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारे विधेयक मंजूर केले. परंतु कायदा हल्ल्यानंतर जागा होतो आणि अर्जावरचे नाव हल्ल्याच्या पूर्वीच ठेकेदारापर्यंत पोहोचलेले असते.

दुसरी बाजूही झाकून ठेवण्याचे कारण नाही. अर्ज करायचा, कागद मिळवायचे आणि ते न छापण्याची किंमत वसूल करायची, असा धंदा करणारे काही जण सर्वत्र आहेत आणि त्यांतले काही पत्रकार म्हणवून घेतात. अधिकारीवर्ग या मूठभरांचे नाव पुढे करून सर्वच अर्जदारांना संशयित ठरवतो. त्याला उत्तर एकच आहे. मिळालेला कागद छापला गेला पाहिजे आणि ज्याच्यावर तो बोट ठेवतो त्याचे म्हणणेही त्याच्याबरोबर छापले गेले पाहिजे. अप्रसिद्ध राहिलेला कागद हाच खंडणीखोराचा माल असतो.

मदत कोणी करावी

म्हणून स्थानिक पत्रकारांना मदत म्हणजे एका दुपारचे शिबिर, पाहुण्यांचे सत्कार आणि कायद्याच्या पुस्तिकेचे वाटप नव्हे. पहिली जबाबदारी वृत्तपत्रांच्या संचालकांची आहे. अर्ज संस्थेच्या नावाने नव्हे तर नागरिकाच्या नावाने करावा लागतो, हे खरे. पण तो नागरिक तालुक्याचा वार्ताहरच असला पाहिजे, असे कोठे आहे? विषय आणि कागदांची नावे वार्ताहराने द्यावीत आणि अर्जावर सही जिल्ह्याच्या किंवा मुख्य कार्यालयातील संपादकाने करावी. यात पैसा लागत नाही, फक्त जबाबदारी घ्यावी लागते. अर्जात टपाल पेटीचा क्रमांक पत्ता म्हणून पुरेसा मानावा, असे कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटले आहे. त्याचाही लाभ घेता येईल. प्रतींचा खर्च, अपिलाच्या सुनावणीसाठी पुण्याला किंवा नाशिकला जाण्याचे भाडे आणि बदनामीची नोटीस आल्यास वकील, एवढे वृत्तपत्राने आपले मानले तर निम्मी भीती ओसरेल.

दुसरी जबाबदारी जिल्हा पत्रकार संघांची. पत्रकार भवनासाठी भूखंड मागण्याइतकेच महत्त्व त्यांनी या कामाला द्यावे. निवृत्त लेखापाल, बांधकाम खात्यातून बाहेर पडलेले अभियंते आणि तालुका न्यायालयातील वकील प्रत्येक जिल्ह्यात असतात. मोजमाप पुस्तिका कशी वाचावी, लेखापरीक्षणातील आक्षेपाचा अर्थ काय, पहिल्या अपिलात कोणते मुद्दे घ्यावेत, हे त्यांच्याकडून महिन्यातून एकदा शिकता येईल. एकाच प्रकारचा अर्ज जिल्ह्यातील सर्व पंचायत समित्यांकडे निरनिराळ्या वार्ताहरांनी केला आणि उत्तरे एकत्र ठेवली तर कोणा एकाला लक्ष्य करणे कठीण जाईल आणि जे चित्र उभे राहील ते एका गावापुरते उरणार नाही. त्यासाठी 'माझी बातमी' हा हव्यास थोडा बाजूला ठेवावा लागेल.

कायद्यालाच कात्री

हे सर्व तातडीने करण्याचे आणखी एक कारण आहे. साधन अजून हातात आहे, पण त्याची धार कमी केली जात आहे. २०१९च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांची मुदत आणि वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला. आयुक्तांच्या रिक्त जागा वेळेवर भराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बजावले होते. तरीही जागा रिकाम्या राहण्याची चाल सुटलेली नाही. त्याहून गंभीर बदल २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने झाला आणि नोव्हेंबर २०२५मध्ये तो अमलात आला. पूर्वी एखादी वैयक्तिक माहिती सार्वजनिक कार्याशी संबंधित नसेल किंवा तिच्यामुळे खासगीपणावर अकारण आक्रमण होत असेल तरच ती नाकारता येत असे. जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असा दिलासाही तेथे होता. आता त्या कलमात केवळ 'वैयक्तिक माहिती' एवढेच शब्द उरले आहेत.

याचा आघात सर्वाधिक होणार तो स्थानिक पत्रकारितेवर. दिल्लीची बातमी धोरणाची असते, गावची बातमी नावांची असते. घरकुल कोणाला मिळाले, हजेरीपटावर कोणाचा अंगठा आहे, मोजमापावर कोणत्या शाखा अभियंत्याची सही आहे, यातले नाव वगळले की बातमीत काही उरत नाही. कोट किरानाची जनसुनावणी नावे वाचूनच झाली होती. अनुदानाच्या लाभार्थ्यांची यादी आपण होऊन प्रसिद्ध करा, असे कायद्याचे चौथे कलम सांगते आणि ती वैयक्तिक म्हणून नाकारण्याची मुभा आठवे कलम देते, असा विसंवाद आता उभा राहिला आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या मसुद्यात पत्रकारितेसाठी सवलत होती. २०२३च्या कायद्यात ती नाही. सार्वजनिक हित अधिक मोठे असेल तर माहिती देता येते, ही तरतूद मात्र शाबूत आहे. यापुढे नावे मागणाऱ्या प्रत्येक अर्जात आणि अपिलात तिचाच आधार घ्यावा लागेल आणि सार्वजनिक हित कोणते, हे नेमकेपणाने मांडावे लागेल. एकट्या वार्ताहराला हा युक्तिवाद पेलणारा नाही. संपादक, पत्रकार संघ आणि वकील यांनी त्याच्यामागे उभे राहण्याची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक आहे ती यासाठीच.

कायदे वापराने टिकतात. जो हक्क कोणी बजावत नाही तो काढून घेतला गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. राजस्थानातील मजुरांना अक्षरओळख बेताची होती, तरी आपले नाव कोणत्या कागदावर आहे हे पाहण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही. लिहिणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्याकडून तेवढ्या हट्टाची अपेक्षा वाचकांनी धरली तर ती अवाजवी ठरू नये. 'असे समजते' या शब्दांच्या जागी 'कार्यालयीन नोंदीप्रमाणे' असे शब्द ज्या दिवशी जिल्हा वृत्तपत्रांत सर्रास दिसू लागतील, त्या दिवसापासून पंचायत समितीतील खुलासे लिहिणाऱ्यांना आधी आपली नस्ती उघडून पाहावी लागेल.